टेकडीवरचा खडक

नदीकाठची जमीन भूकंपात किती जास्त हादरेल, हे ठरवायला जवळच्या एखाद्या पक्क्या खडकाशी तुलना करावी लागते. तिने टेकडीवरचा काळा खडक निवडला. एक यंत्र तिथे बसवलं, दुसरं नदीकाठच्या नव्या वस्तीत. वर्षभरातले बारीक धक्के दोन्हीकडे सारखेच उमटले.

"मग ताई, घर घेऊ ना तिथे?" धाकट्या भावाने विचारलं. "की तुझं नेहमीचंच, 'बघू, सांगते'?"

"घे रे बाबा, बिनघोर घे. खडकाइतकीच भक्कम आहे ती जमीन."

आज ती टेकडीवरचं यंत्र काढायला गेली, तर खडकात ठोकलेला बोल्ट नुसत्या हाताने वर आला. त्याच्यामागोमाग मूठभर मुरूम. काळा दगड वर वीतभरच होता, खाली सगळं भुसभुशीत. आकडे जुळले होते, कारण टेकडीही वस्तीइतकीच हलत होती.

तिने तिथूनच भावाला फोन लावला.



"हळू बोल गं," तो कुजबुजला. "आई झोपलीय. मागच्या भूकंपापासून आज पहिल्यांदा, या नव्या घरात, छपराखाली डोळा लागलाय तिचा. म्हणाली, माझ्या लेकीने मोजलीय ही जमीन."