ओली खुर्ची

अर्धा दिवस फिरती, अर्धा दिवस हापिस, म्हणून नव्या मांडणीत साहेबांनी दोन इन्स्पेक्टरांत एकच टेबल-खुर्ची ठेवली. सकाळी पाटील, दुपारी आनंदराव. दोघांची गाठ कधी पडतच नसे. पण आनंदरावांना वेताची खुर्ची रोज ओली सापडे. हा पाटलाचाच उद्योग! आपल्यासारख्याशी खुर्ची वाटून घेणं त्याला कसं सोसेल? आपण बसू नये म्हणूनच भिजवून ठेवतो.

एक दिवस ते मुद्दाम लवकर गेले. पाटील ओल्या फडक्यानं खुर्ची पुसत होता.

"काहून गा पाटील, मी बसू नये म्हणून?"

पाटील दचकला. "नाही जी. जुन्या हापिसात आमच्या माणसाले उठताना खुर्ची धुऊनच जा लागे. इथं तुमी कोन, मले का मालूम?"

आनंदराव त्या ओल्या खुर्चीत बसले.

"जय भीम," ते म्हणाले.