बाजूची सीट

अमेरिकेतल्या श्रूजबरीत त्या सकाळी पारा उणे पंचवीसवर होता. गिरिजाने चारदा किल्ली फिरवली, पण व्हॅन नुसती कण्हली. तेवढ्यात उल्हास आला. खिडकीतून हात घालून डॅशबोर्ड थोपटत तो म्हणाला, "चल ना गं, राणी."

व्हॅन लगेच सुरू झाली.

ती त्याच्या पहिल्या बायकोची, वारलेल्या सुहासिनीची व्हॅन. लग्नाला दोन वर्षं झाली, पण गिरिजाला त्याने एकदाही राणी म्हटलं नव्हतं.

जळफळत ती एकटीच निघाली. वळणावर सीटबेल्टचा बीप सुरू झाला. तिचा बेल्ट लावलेला होता. लाल दिवा बाजूच्या रिकाम्या सीटसाठी लागला होता.

"तो आता माझा आहे," गिरिजा दातओठ खात म्हणाली. "उतर इथेच!"

बाजूचा बेल्ट सरसरत पुढे आला. खट्कन लागला, आणि बीप थांबला.