पहिल्या जागेवरचे दोन एक्के

चारुलतानं दोन्ही पत्त्यांचे कोपरे अंगठ्यानं जरासे उचलले. इस्पिकचा एक्का. बदामचा एक्का. तिनं कोपरे सोडले आणि टेबलापलीकडे मोनालीकडे पाहिलं.

मोनाली तिची धाकटी जाऊ. ती शेजारी बसलेल्या हितेंद्रशी कशावरून तरी हसत होती. तिच्यासमोरची पोकरच्या चिप्सची चळत टेबलावर सगळ्यांत उंच होती.

धुळ्याबाहेर, पारोळा रस्त्यावरच्या फार्महाउसवर सकाळी साठ जण खेळायला बसले होते. दुपारच्या चहापर्यंत सात उरले. पैशांचा खेळ नव्हता. जिंकेल तो एकटा खान्देशाकडून गोव्याच्या स्पर्धेला जाणार होता.

चारुलता अमळनेरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पोकर ती पुस्तकांवरून शिकली, तासन्‌तास टक्केवारी मांडत. मोनाली जळगावात नवऱ्याबरोबर ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान बघायची. तिला हा खेळ चारुलतानंच शिकवला, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. नंतर दोघी एकत्र पाच स्पर्धा खेळल्या. त्यातल्या तीन मोनालीनं जिंकल्या. चारुलतानं एकही नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमनी धाकलीना हातले यश शे." धाकटीच्या हाताला यश आहे म्हणे. आणि थोरलीचा विषय निघाला की म्हणायच्या, "तिचा अभ्यास फार."

ते 'अभ्यास फार' चारुलताच्या मनात रुतून बसलं होतं. मोनालीला पत्ते लागतात, बाकी काही नाही, असं ती स्वतःला रोज समजावायची. नशीबच ते, एक दिवस संपणारच. तेवढाच एक आधार होता.

आता बोलायची पहिली पाळी तिची होती. पोकरमधली ही सगळ्यांत अवघड जागा. मागं सहा जण बोलायचे राहिलेले असतात आणि त्यांच्या हातात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून तिथून कुणी डाव वाढवला, म्हणजे जास्त चिप्स लावल्या, की पत्ते भारी आहेत, हे सगळे ओळखतात. तरीही दोन एक्के आले की वाढवायचंच. गर्दी कमी करायची, एकदोघांशीच लढायचं. हा नियम चारुलतानं कितीतरी जणांना समजावून सांगितला होता.

पण वाढवलं तर मोनाली पत्ते टाकून मोकळी होईल. हसतच टाकेल. चारुलताला ते नको होतं. तिला मोनाली आत यायला हवी होती, सगळ्या चिप्स घेऊन. ती चळत आडवी झालेली तिला बघायची होती आणि तेव्हाचा मोनालीचा चेहराही.

तिनं नुसता कॉल केला. सगळ्यांत कमी चिप्स टाकल्या आणि हात मागे घेतला.

तिच्या डावीकडचा प्रेमराज आत आला. हितेंद्र आत आला. मोनालीनं आपले पत्ते पाहिले, मग मान वर करून चारुलताकडे पाहिलं. बराच वेळ. चारुलतानं चेहरा कोरा ठेवला.

मोनालीनं पत्ते टाकले.

शेवटची पाळी कुंदाबाईंची. धुळ्याच्या निवृत्त नर्स त्या. नियमाप्रमाणे त्यांच्या चिप्स आधीच टेबलावर होत्या, आणखी काही द्यायचं नव्हतं. त्यांनी टेबलावर बोट टेकवलं आणि त्याही डावात राहिल्या.

टेबलाच्या मधली, सगळ्यांसाठीची तीन पानं उघडली. राजा, नव्वी, चौकी.

चारुलतानं चिप्स पुढे केल्या. बाकीचे दोघं गेले, कुंदाबाईंनी मात्र वाढवलं. एरवी ती इथं थांबली असती. पण मोनाली निसटल्याचा राग कुणावर तरी काढायचा होता. तिनं होत्या नव्हत्या त्या सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. कुंदाबाईंनीही तेवढ्याच लावल्या आणि आपले पत्ते उघडे केले. नव्वी आणि चौकी. मधल्या पानांशी मिळून दोन जोड्या, एक्क्यांच्या एका जोडीपेक्षा भारी. पुढच्या दोन पानांत काही बदललं नाही.

"पहिल्यांदाच वाढवलं असतं ना, तर असले पत्ते घेऊन मी कशाला बसले असते, मॅडम?" कुंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात चिडवणं नव्हतं.

चारुलता स्पर्धेतून बाद झाली होती. ती उठली. चहाची सुट्टी झाली. व्हरांड्यात उन्हाची झळ येत होती, रस्त्यावरून कापसाचे ट्रक जात होते. मोनाली दोन कप घेऊन तिच्यामागे आली.

"तुझ्याकडे काय होतं?" चारुलतानं कप घेता घेता विचारलं. सत्ती-दुर्री असं काहीतरी ऐकायला मिळावं, एवढीच इच्छा उरली होती.

"दोन राण्या."

"राण्या टाकल्यास? राण्या कुणी टाकतं का?"

"पहिल्या जागेवर तुम्ही एक तर टाकता, नाहीतर वाढवता. नुसता कॉल तीन वर्षांत कधी केला नाहीत. आज केलात. म्हटलं, मोठं काहीतरी आहे, आणि माझ्यासाठीच आहे."

म्हणजे नशीब नव्हतं. ते नसण्याची तिला किती भीती होती, हे आत्ता तिला कळलं.

"एवढं येतं तुला," ती कशीबशी म्हणाली. "गोवा तुझंच आहे मग."

मोनालीनं मान हलवली. ती हसत नव्हती. "नाशिकला दोनदा एकटी खेळायला गेले होते, अक्का. घरी कुणाला सांगितलं नाही. दोन्ही वेळा पहिल्या तासात बाहेर. तुमच्यासारखे हिशेब मला जमत नाहीत. तुम्ही आत आलात की मी बाहेर राहते. तुम्ही ज्याला भीत नाही, त्याच्याशीच मी खेळते. तेवढंच येतं मला."

आतून कुणीतरी हाक मारली. खेळ पुन्हा सुरू होत होता. मोनाली दोन पावलं गेली आणि दारात थांबली.

"तुम्ही उठलात, अक्का. आता मी कुणाकडे बघून खेळू?"