लांबची लेन्स

“ही लेन्स आहे की तोफ?” बायकोनं विचारलं.

जेवणाच्या टेबलावर खोक्यातून निघालेली ती वस्तू खरोखरच थर्मासएवढी होती. तो मान वर न करता हसला. आज त्याला कुणी काहीही म्हणावं. वर्षभर सिगारेटला हात न लावता त्यानं ती मिळवली होती. पैज स्वतःशीच लावलेली, स्वतःच जिंकलेली आणि बक्षीसही स्वतःच्याच हातानं घेतलेलं. हार घालायला तेवढं दुसरं कुणी हवं होतं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या पोकळीत तेलकट दोरांच्या संगतीत राहायचं आणि बाहेर पडलं की आधी सिगारेट पेटवायची. ती याची काही सुटत नाही, असा कामावरच्या मंडळींचा ठाम विश्वास होता. पहिला महिना तो सगळ्यांवर खेकसला, पेन्सिली चावल्या, लवंगा चघळून जीभ सोलून घेतली. पण सोडली म्हणजे सोडली. आता तो इतरांना उपदेश करायचा आणि ते बिचारे झुरका मारायला दुसऱ्या मजल्यावर पळायचे.

सुट्टीच्या दिवशी मात्र तो फक्त फोटोग्राफर असायचा. घराच्या भिंती मुलीच्या फोटोंनी भरलेल्या होत्या. झोपाळ्यावर, शाळेच्या स्टेजवर, सायकलवरून पाठमोरी जाताना. “किती सहज आलेत हो!” पाहुणे म्हणायचे. “मुलांना कळू द्यायचं नसतं,” तो ऐटीत सांगायचा, “लांबून टिपायचं.”

बायको अशा वेळी पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची. तिला खरं कारण ठाऊक होतं. मुलगी, जिला घरात सगळे मिरची म्हणत, तान्ही असल्यापासून त्याच्या वासानं तोंड फिरवायची. बोलायला लागली तशी नाक दाबून सरळ सांगायची, “बाबा, तू तिकडे बस.” ती त्याच्यापासून चार हात लांबच राहिली. त्याला लागायचं, फार लागायचं. पण सिगारेट सोडण्यापेक्षा लेन्स घेणं सोपं. म्हणून त्यानं याआधीही दोन घेतल्या होत्या, दुसरी पहिलीहून लांब पल्ल्याची.

यंदा सिगारेट सुटली, पण अंतराची सवय दोघांचीही सुटली नाही. ती अजून पलीकडच्या खुर्चीतच बसायची. तोही तिला जवळ बोलवायचा नाही. नाही म्हणाली तर? त्यापेक्षा मोठी लेन्स बरी.

ऊन उतरल्यावर दोघं गच्चीवर गेली. मिरची स्केट्स बांधून पलीकडच्या कठड्याशी घिरट्या घालू लागली. तो अलीकडे पाण्याच्या टाकीला टेकून, मांडी ठोकून बसला. त्यानं लेन्स रोखली आणि त्याच्या तोंडून आपसूक “आई शप्पथ!” निघालं. तिच्या कपाळावर चिकटलेले केस मोजता आले असते. वरच्या ओठावर घाम आणि हनुवटीवर एक जुनी खोक. ही खोक कधी पडली, त्याला आठवेना. इतक्या जवळून त्यानं ती कधी पाहिलीच नव्हती.

“बघू, बघू!” मिरची चाकांवरून घरंगळत आली आणि कॅमेऱ्यात डोकावायला थेट त्याच्या खांद्यावर वाकली. त्यानं सवयीनं श्वास रोखून तोंड पलीकडे वळवलं. तिनं त्याच्या शर्टाशी नाक नेलं. मग पुन्हा एकदा नेलं.

“बाबा, वासच नाही येत रे तुझ्या अंगाला!”

“वर्ष झालं गं, सोडून.”

“ते माहितीये. तू सगळ्या जगाला सांगतोस. पण मी कुठे जवळ येते, मला कसं कळणार?”

एवढं बोलून ती त्याच्यासमोरच फतकल मारून बसली आणि स्केट्ससकट पाय त्याच्या मांडीवर टाकून दिले. “आता इथूनच काढ एक. नुसता चेहरा.”

त्यानं कॅमेरा उचलला. लेन्स घरघरली, पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. आत सगळं धुकं होतं. ही लेन्स जवळचं टिपायची नाही. समोरचा माणूस निदान खोलीभर लांब हवा, असं खोक्यावरच छापलेलं होतं. त्यानं नुसतं “जरा मागे सरक” म्हटलं असतं तरी काम झालं असतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

“बॅटरी गेली वाटतं,” तो धडधडीत खोटं बोलला आणि कॅमेरा बाजूला ठेवला.

“जाऊ दे मग,” मिरची म्हणाली. ती काही उठली नाही. वर्गातल्या एका आगाऊ मैत्रिणीचं गाऱ्हाणं तिनं सुरू केलं आणि ते पाल्हाळ लावत चांगलं लांबवलं. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही. इतका आनंद झाला होता त्याला की त्या मैत्रिणीचंही कौतुक करावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानाचं शटर वर जायच्या आत तो दारात हजर होता. खोकं बघून दुकानदाराचा चेहरा उतरला. एवढा मोठा माल परत आला तर कुणाचाही उतरेल. त्यानं काच उजेडात धरून पाहिली, कड्या फिरवल्या, लेन्स कॅमेऱ्याला लावून रस्त्यापलीकडच्या पाटीचा फोटो काढला. अक्षर न् अक्षर लख्ख आलं.

“अहो, मग यात दोष तरी काय आहे?”

“दोष कसला! एक नंबर लेन्स आहे,” तो म्हणाला आणि त्यानं शोकेसमधल्या सगळ्यात बुटक्या लेन्सकडे बोट दाखवलं. “आमची मुलगीच आता लांब राहत नाही.”