विहिरीकडची खिडकी

उत्तनची वाडी विकून डॉमनिक आणि टेरेझा भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आले, त्याला सहा वर्षं झाली. त्या वाडीत आता कॅम्पिंगला येणाऱ्यांसाठी कॅरव्हॅन उभ्या केल्यात. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी तिथेच राहायचं, असा टेरेझाचा हट्ट.

"एसी नको, टीव्ही नको. खिडकीतून आपली विहीर दिसली पायजे, बस!"

मोबाइलवर एकेक कॅरव्हॅन बघता बघता डॉमनिक मेटाकुटीला आला, पण विहिरीकडे खिडकी असलेली एक सापडलीच.

गेटवर मॅनेजरने त्याचं आधारकार्ड निरखून पाहिलं. त्यावरचा वाडीचा पत्ता बदलायचा राहूनच गेला होता.



"सॉरी अंकल, लोकल आयडीवालों को हम नहीं देते."