चालू कारखाना

“दोन हंगाम चालवू द्या, समद्यांचं फेडतो,” कुरुंद्याच्या हळद कारखान्याचे मालक देविदास राठोड घेणेकऱ्यांपुढं हात जोडून सांगत होते. कारखाना वाचवायची तशी योजनाही मंजूर व्हायच्या बेतात होती. पण बारदान पुरवणाऱ्या ओमप्रकाश शेठांनी बाकीच्यांना जमवून कोर्टात विरोध केला. “मरायला टेकलेल्या बैलाला पेंड कशाला चारायची? विकून मोकळं व्हा!”

कोर्टानं त्यांचं ऐकलं. ऐन दिवाळीत बॉयलर विझला, गेटला सील लागलं आणि कामगार आपापल्या तांड्यावर परतले.

लिलावाला सांगलीचा एकच व्यापारी आला. धूळ बसलेल्या मशिनीवर टिचकी मारून म्हणाला, “बंद कारखाना भंगाराच्या भावानं नेईन. चालू करून दाखवा, मग भाव बोलू.”

भंगारात पहिला हक्क असलेल्या बँकेचंच भागत नव्हतं, मग शेठांच्या हाती काय येणार? तसेच ते तांड्यावर गेले आणि देविदासच्या आईपुढं, रुख्मिणीबाईंपुढं त्यांनी हात जोडले. “मावशी, कामगारांना बोलवा. महिनाभर तरी कारखाना चालवा.”

“कामगार कुठले आता, शेठ? समदे ऊसतोडीला गेले. मुकादमाकडनं आगाऊ उचल घेतली त्यायनं, उसाचा हंगाम सरल्याबिगर कुणी येत न्हाई.”

“मग देविदासभाऊंना तरी बोलवा!”



“त्यो बी बायकोला घेऊन त्यायच्यासंगंच गेला. टोळीत नवरा-बायकोचा एक कोयता कमी पडून राहिला होता.”