डावा अंगठा

“त्याला आज दुसरं बोट सापडलं नाही का गं?” मच्छिंद्रने आईला विचारलं.

कोळी चावून सोजरबाईंचा डावा अंगठा टम्म फुगला होता. बारा वाजता त्याच अंगठ्याचा ठसा रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात लागणार होता. धायरीतल्या घरामागे उरलेले शेवटचे पाच गुंठे, सोजरबाईंच्या मेथी-वांग्यांसकट, मच्छिंद्रचे सासरे आप्पासाहेब घेणार होते. तिथे बिल्डिंग होणार होती. आईचा आणि लेकाचा, दोघांचेही अंगठे लागणार होते. सुजलेला अंगठा मशीन घेत नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या सोनबाला तसंच परत पाठवलं होतं. आज जमलं नाही तर आप्पासाहेब वाघोलीची जागा घ्यायला मोकळे होते. तसं ते सांगूनच बसले होते, बाहेर, गाडीत, हॉर्नवर हात ठेवून. व्याह्याला नाही कसं म्हणायचं, या विचारात मायलेकांचे तीन महिने गेले होते.

“दम लागतोय? गरगरतंय?”

“न्हाई. भूक लागलीय.”

मच्छिंद्र कामाला लागला. साबणाने अंगठा धुतला. सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ मारली, पसरते का ते कळायला. फडक्यात बर्फ बांधून दहा मिनिटं धरला, दहा मिनिटं सोडला, पुन्हा धरला. हात उशीवर उंच ठेवला.

“चुना लाव की त्याला,” सोजरबाई म्हणाल्या.

“चुना तुझ्या पानाला लाव.”

पहिलीत तिने त्याचा हात धरून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती. त्यानंतर या घरात कुणी कुणाचा हात इतका वेळ धरला नव्हता.

साडेअकराला सूज रेघेच्या बरीच आत आली. मच्छिंद्रने अंगठा उजेडात धरला. ठशाच्या रेषा अगदी स्वच्छ दिसत होत्या. औषधपाणी लागू पडलं होतं. दोघांचेही चेहरे पडले.

“चल,” मच्छिंद्र म्हणाला आणि बूट घ्यायला दाराशी गेला.

“थांब!” सोजरबाई किंचाळल्या. “झटकून घाल!”

त्याने बूट झटकला. चण्याएवढा, काळा, केसाळ कोळी फरशीवर पडला आणि जिथे पडला तिथेच बसून राहिला. मच्छिंद्र एका पायावर उभा राहिला.

“तुझ्यासाठी धरला व्हता,” सोजरबाई म्हणाल्या. “पाय सुजला की तू गाडीत बसत न्हाईस. बुटात सोडताना मलाच चावला. म्हटलं, बरं झालं, पोराचा पाय वाचला. तर तू बसलास बर्फ लावत! चुन्याचं ऐकलं असतंस तर अंगठा अजून सुजला असता, भागलं असतं.”

“स्वतःच्या पोराच्या बुटात?” मच्छिंद्र म्हणाला. “आणि मग आत्ता का ओरडलीस?”

“हात धुतलास ना माझा.”

बाहेर लांबलचक हॉर्न वाजला. “जावईबापू, येताय ना?”

“आलोच आप्पासाहेब, दोन मिनिटं!”

मच्छिंद्र फरशीवर मांडी घालून बसला. डावा अंगठा शर्टाला पुसला आणि अदबीने कोळ्यापुढे टेकवला.

“घ्या साहेब, ठसा.”